आपल्याच बसवर आपलाच कर : कॅलिफोर्नियातील शून्य-उत्सर्जन बसखरेदी आणि करसवलतीचा इतिहास

प्रस्तावना

शासन नागरिकांवर कर बसवते, त्यामागील तर्क समजण्यासारखा असतो. परंतु शासनाने सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या बससेवेकडूनच कर वसूल करावा, आणि पुढे त्याच बससेवेला अनुदान द्यावे, हा व्यवहार वरकरणी चमत्कारिक वाटतो. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात हा व्यवहार अनेक दशके निर्वेधपणे चालू होता. २०१८ मध्ये या राज्याने आपल्या सर्व सार्वजनिक परिवहन संस्थांना टप्प्याटप्प्याने केवळ शून्य-उत्सर्जन बसगाड्याच घेण्याचे बंधन घातले, तेव्हा या व्यवहारातील विसंगती प्रथमच ठळकपणे समोर आली. पुढच्याच वर्षी, २०१९ मध्ये, अशा बसगाड्यांच्या खरेदीवरील विक्रीकरात आंशिक सूट देणारा कायदा झाला. योगायोगाने त्याच वर्षी भारतात वस्तू व सेवा कर परिषदेनेही विद्युत बसगाड्यांबाबत सवलतीचा निर्णय घेतला. प्रस्तुत लेखात मुख्यतः कॅलिफोर्नियातील सवलतीची ऐतिहासिक पार्श्वभूमी, तिची रचना आणि तिच्या मर्यादा तपासल्या असून, शेवटी भारतीय निर्णयाचा त्या अनुषंगाने विचार केला आहे.

विक्रीकराचा उगम आणि परिवहन संस्थांचे त्यावरील अवलंबन

कॅलिफोर्नियातील विक्रीकर हे महामंदीचे अपत्य होय. मालमत्ता कराचे उत्पन्न कोसळल्यामुळे १९३३ मध्ये राज्याने अडीच टक्के दराने हा कर सुरू केला. कायद्याच्या भाषेत तो ग्राहकावर नसून, किरकोळ विक्री करण्याच्या अधिकाराबद्दल विक्रेत्यावर आकारलेला कर आहे. ही बाब केवळ शाब्दिक नाही. करदाता विक्रेता असल्यामुळे खरेदीदार कोण, हा प्रश्न गौण ठरला. अमेरिकेच्या संघीय सरकारला केलेली विक्री करमुक्त राहिली. परंतु राज्याची खाती, नगरपालिका, शाळा आणि बससंस्था यांना केलेली विक्री मात्र करपात्र मानली गेली. अमेरिकेतील अनेक राज्यांत शासकीय खरेदीला विक्रीकर लागत नाही. कॅलिफोर्निया हा त्यास ठळक अपवाद आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर खासगी मोटारींच्या प्रसारामुळे शहरांतील ट्राम व बस कंपन्या तोट्यात गेल्या आणि एकामागून एक सार्वजनिक मालकीत आल्या. येथे एका विरोधाभासाची नोंद करणे आवश्यक आहे. शून्य-उत्सर्जन वाहन ही एकविसाव्या शतकाची कल्पना नव्हे. सॅन फ्रान्सिस्कोत १९३५ पासून डोक्यावरील तारांतून वीज घेणाऱ्या ट्रॉलीबस धावत आल्या आहेत. लॉस एंजेलिसमध्ये मात्र ट्राम आणि ट्रॉलीबस या दोन्ही सेवा ३१ मार्च १९६३ रोजी बंद करण्यात आल्या व त्यांची जागा डिझेल बसने घेतली. शहरावरील धुरकट आवरण वाहनांच्या धुरातून सूर्यप्रकाशाच्या प्रक्रियेने तयार होते, हे शास्त्रज्ञ हागेन-स्मिट यांनी तत्पूर्वी दहा वर्षे दाखवून दिले होते, ही गोष्ट लक्षात घेतली म्हणजे त्या निर्णयातील अदूरदृष्टी अधिकच जाणवते.

सार्वजनिक मालकीत आलेल्या या सेवांना उत्पन्नाचे साधन हवे होते, आणि ते विक्रीकरातच शोधण्यात आले. १९७० पासून सॅन फ्रान्सिस्को उपसागर परिसरातील तीन काउंटींत नव्या जलद रेल्वेसाठी अर्धा टक्का अतिरिक्त विक्रीकर घेतला जाऊ लागला. रोनाल्ड रेगन राज्यपाल असताना १९७१ मध्ये ‘ट्रान्सपोर्टेशन डेव्हलपमेंट अ‍ॅक्ट’ हा कायदा झाला. या कायद्याने तोवर करमुक्त असलेल्या पेट्रोलला विक्रीकराच्या कक्षेत आणले, राज्याचा दर पाव टक्क्याने कमी केला आणि तो पाव टक्का प्रत्येक काउंटीच्या स्थानिक परिवहन निधीकडे वळवला. लॉस एंजेलिस काउंटीतील मतदारांनी १९८०, १९९०, २००८ आणि २०१६ अशा चार वेळी प्रत्येकी अर्धा टक्का वाढीव करास मान्यता दिली. म्हणजे तेथे केवळ परिवहनासाठीचा विक्रीकर एकूण दोन टक्के झाला.

अशा रीतीने बससंस्था विक्रीकरावर जगू लागल्या, आणि नवी बस घेताना तोच कर भरूही लागल्या. लॉस एंजेलिसच्या परिवहन संस्थेने भरलेल्या स्थानिक कराचा काही अंश फिरून तिच्याच खात्यात येत असे. हिशेबाच्या वहीत खर्च आणि जमा समोरासमोर मांडल्या की हा खेळ निरुपद्रवी वाटतो. परंतु राज्याच्या सर्वसाधारण निधीत जाणारा हिस्सा मात्र परत येत नसे. तो बससेवेतून कायमचा बाहेर जात असे.

जुन्या सवलतींचा कल

बससंस्थांना करसवलती मुळीच नव्हत्या, असा याचा अर्थ नाही. सवलती होत्या, पण त्या इंधनावर होत्या. स्थानिक शासनसंस्थांना संघीय इंधन करातून सूट होती. कॅलिफोर्नियात डिझेलवरील राज्य उत्पादन शुल्काऐवजी पात्र बससेवांना गॅलनमागे केवळ एक सेंट द्यावा लागत असे. पुढे २००६ पासून संघीय सरकारने संपीडित नैसर्गिक वायूसारख्या पर्यायी इंधनांच्या वापरावर गॅलनमागे ५० सेंटची सवलत सुरू केली आणि ती करपात्र नसलेल्या सार्वजनिक संस्थांनाही रोख परताव्याच्या रूपाने मिळू लागली. अनेकदा मुदत संपून पुन्हा पूर्वलक्षी प्रभावाने जिवंत होत ही सवलत २०२४ अखेरपर्यंत टिकली. नैसर्गिक वायूवर मोठी भिस्त ठेवणाऱ्या लॉस एंजेलिसच्या संस्थेने जानेवारी २०११ मध्ये आपली अखेरची डिझेल बस निवृत्त केली होती. अशा संस्थांना या परताव्याचा आधार मोठा होता.

या पर्यायी इंधनांच्या यादीत वीज नव्हती. म्हणजेच बसमध्ये जाळण्याच्या इंधनाला करसवलत होती. परंतु ज्या बसचा खर्च इंधनात कमी व मूळ किमतीत अधिक, त्या बसच्या किमतीवर पूर्ण कर होता. करव्यवस्थेने हा पक्षपात हेतुपुरस्सर केला होता असे म्हणता येणार नाही. डिझेलच्या युगात रचलेल्या नियमांचा तो स्वाभाविक परिणाम होता. मात्र परिणाम हेतूवर अवलंबून नसतो.

सक्ती आधी, सवलत नंतर

वाहनांच्या प्रदूषणावर नियंत्रण ठेवणारे राज्याचे ‘एअर रिसोर्सेस बोर्ड’ १९६७ मध्ये स्थापन झाले. या मंडळाने फेब्रुवारी २००० मध्ये परिवहन संस्थांसाठी पहिला नियम केला. २०० हून अधिक बसगाड्या असलेल्या संस्थांनी ठरावीक मुदतीनंतर नव्या खरेदीत १५ टक्के शून्य-उत्सर्जन बसगाड्या घ्याव्यात, असे त्यात म्हटले होते. तंत्रज्ञान अपक्व आणि किमती अवाढव्य असल्याने ही मुदत पुढे ढकलली गेली. त्या काळात हायड्रोजनवर चालणाऱ्या इंधन-घट बसगाड्यांचे मोजके प्रयोग ओकलंड परिसरात, सांता क्लारा काउंटीत व पाम स्प्रिंग्जजवळच्या वाळवंटी भागात झाले. खरी कलाटणी बॅटरीने दिली. २०१० मध्ये पोमोना परिसरातील ‘फूटहिल ट्रान्झिट’ या संस्थेने मार्गावरच जलद भारित होणाऱ्या तीन बसगाड्या सेवेत आणल्या. अँटिलोप व्हॅली ही तुलनेने लहान संस्था तर २०२२ मध्ये आपला संपूर्ण ताफा विद्युत करणारी उत्तर अमेरिकेतील पहिली संस्था ठरली.

या अनुभवाच्या बळावर मंडळाने १४ डिसेंबर २०१८ रोजी ‘इनोव्हेटिव्ह क्लीन ट्रान्झिट’ हा नियम संमत केला. मोठ्या संस्थांनी २०२३ पासून नव्या खरेदीपैकी २५ टक्के, २०२६ पासून ५० टक्के आणि २०२९ पासून सर्वच बसगाड्या शून्य-उत्सर्जन घ्याव्यात. लहान संस्थांना २०२६ पर्यंत सवड असावी. आणि २०४० पर्यंत राज्यातील सार्वजनिक बससेवेचा संपूर्ण ताफा बदलावा, अशी त्याची चौकट होती.

सक्तीचा नियम आणि किमतीच्या टक्केवारीने आकारला जाणारा कर एकत्र आले की काय होते, हे गणिताने पाहणे उपयुक्त ठरेल. उदाहरणादाखल डिझेल बसची किंमत ५ लाख डॉलर आणि बॅटरी बसची ८ लाख डॉलर धरू. राज्याचा किमान एकूण विक्रीकर ७.२५ टक्के होता. त्या दराने डिझेल बसवर ३६,२५० डॉलर, तर बॅटरी बसवर ५८,००० डॉलर कर होतो. म्हणजे हवा स्वच्छ ठेवण्यासाठी जी संस्था तीन लाख डॉलर अधिक मोजते, तिलाच २१,७५० डॉलर अधिक कर पडतो. एका हाताने आज्ञा द्यायची आणि दुसऱ्या हाताने त्या आज्ञापालनावर वसुली करायची, अशी ही स्थिती होती. हा भार अंतिमतः कोणावर पडतो, हेही पाहिले पाहिजे. बससंस्थेला नफा नसतो, भागधारक नसतात. खर्च वाढला की फेऱ्या कमी होतात किंवा भाडे वाढते. कॅलिफोर्नियातील बसने प्रवास करणारा वर्ग मोटार परवडत नसलेला, बहुतांशी अल्प उत्पन्नाचा आहे. धुराची झळ ज्यांना सर्वाधिक लागते, धूर कमी करण्याचा करही बसच्या थांब्यावर त्यांनाच भरावा लागण्याचा हा धोका होता.

२०१९ चा कायदा : सूट कोणत्या हिश्शात?

साउथ सॅन फ्रान्सिस्कोचे प्रतिनिधी केविन मुलिन यांनी मांडलेले विधानसभा विधेयक क्रमांक ७८४ राज्यपाल गॅव्हिन न्यूसम यांच्या संमतीने कायद्यात रूपांतरित झाले आणि ऑक्टोबर २०१९ पासून सवलत लागू झाली. शहर, काउंटी, परिवहन जिल्हा अथवा जनतेला बससेवा पुरविणारी अन्य सार्वजनिक संस्था यांनी घेतलेल्या शून्य-उत्सर्जन बसगाड्यांना ती मिळत असे. पात्र बस कोणती, हे करकायद्याने स्वतः ठरवले नाही. स्वच्छ मालमोटारी व बसगाड्यांसाठी मंडळ जी प्रोत्साहन-पावती योजना आधीपासून चालवीत होते, तिच्या पात्रतेशी ही सूट जोडण्यात आली. मूळ मुदत १ जानेवारी २०२४ पर्यंतची होती. मुलिन यांच्याच २०२२ च्या विधेयक क्रमांक २६२२ अन्वये ती १ जानेवारी २०२६ पर्यंत लांबविण्यात आली.

या कायद्याचा गाभा त्यातील एका विचित्र आकड्यात आहे. सूट ७.२५ टक्क्यांची नव्हती; ती ३.९३७५ टक्क्यांचीच होती. हा आकडा आला कोठून? ७.२५ टक्क्यांपैकी सव्वा टक्का स्थानिक होता, आणि १९७१ च्या कायद्याने परिवहनाकडे वळवलेला पाव टक्का त्यातच मोडत होता. उरलेल्या सहा टक्क्यांपैकीही सर्व रक्कम राज्याच्या मुक्त हाती नव्हती. १९९१ च्या फेररचनेत आरोग्य व समाजकल्याणासाठी अर्धा टक्का, १९९३ च्या सार्वमतानंतर सार्वजनिक सुरक्षेसाठी अर्धा टक्का आणि २०११ मध्ये काउंटींकडे सोपविलेल्या कामांसाठी १.०६२५ टक्के राखून ठेवले गेले होते. हे सारे वजा जाता सर्वसाधारण निधीत ३.९३७५ टक्केच उरत होते. विधिमंडळाने आपल्या खिशातले सोडले. दुसऱ्यांच्या ताटातील घासाला हात लावला नाही.

ही रचना काटकसरीची वाटली, तरी तिच्यात शहाणपण होते, असे म्हणावे लागेल. स्थानिक करही माफ केला असता तर काउंटीचा परिवहन निधी काहीसा आटला असता आणि बससंस्थेने एका बाजूने मिळवलेले दुसऱ्या बाजूने गमावले असते. वरील उदाहरणात ८ लाख डॉलरच्या बसमागे सूट ३१,५०० डॉलर होते व उरलेला कर २६,५०० डॉलर, म्हणजे डिझेल बसवरील ३६,२५० डॉलरपेक्षा कमी. किमतीतील तीन लाखांची दरी यातून भरून येत नव्हती हे खरे. परंतु कराने जी दरी आणखी रुंद केली होती, ती मिटली.

अनुदान आणि सूट यांतील फरकही येथे महत्त्वाचा आहे. संघीय सरकारच्या कमी व शून्य-उत्सर्जन बस योजनेला २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्याने पाच वर्षांसाठी सुमारे ५.५ अब्ज डॉलर दिले. फोक्सवागेन कंपनीच्या प्रदूषण-फसवणूक प्रकरणातील तडजोडीतून कॅलिफोर्नियाला मिळालेल्या सुमारे ४२.३ कोटी डॉलरपैकी १३ कोटी डॉलर बसगाड्यांसाठी ठेवण्यात आले. या रकमांपुढे विक्रीकरातील सूट किरकोळ आहे. परंतु संघीय अनुदान स्पर्धेने मिळते. त्यासाठी प्रस्ताव लिहिणारे कर्मचारी, सल्लागार व प्रतीक्षा करण्याची ऐपत लागते. सूट मात्र अटी पूर्ण करणाऱ्या प्रत्येक संस्थेला, लहान असो वा मोठी, खरेदीच्या क्षणी मिळते. सक्ती सर्वांवर असेल तर साह्यही सर्वांपर्यंत पोहोचणारे असावे, या न्यायाने पाहता ही छोटी सूट मोठ्या अनुदानांपेक्षा अधिक समन्यायी होती.

तिच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. मुदत चार-दोन वर्षांची आणि सक्ती २०४० पर्यंतची, ही विषमता पहिली. दुसरी मर्यादा बाजाराची. डिसेंबर २०१९ मध्ये संमत झालेल्या संघीय संरक्षण कायद्यातील तरतुदीने चिनी मालकीच्या उत्पादकांच्या बसगाड्यांना, दोन वर्षांच्या सवडीनंतर, संघीय परिवहन निधी बंद केला. प्रोटेरा ही बॅटरी बस बनवणारी अमेरिकी कंपनी ऑगस्ट २०२३ मध्ये दिवाळखोरीत गेली. नोव्हा बस या उत्पादकाने त्याच वर्षी अमेरिकी बाजारातून माघार जाहीर केली. विक्रेते मोजके उरले की करातील सवलत खरेदीदाराकडे राहील की किंमतवाढीच्या रूपाने विक्रेत्याकडे सरकेल, याची शाश्वती नसते.

कर न भरणाऱ्याला करसवलत

संघीय पातळीवर अडचण वेगळीच होती. संघीय सवलती आयकरातील वजावटीच्या रूपात असतात आणि सार्वजनिक संस्था आयकर भरतच नाहीत. २०२२ च्या ‘इन्फ्लेशन रिडक्शन अ‍ॅक्ट’ने यावर उपाय काढला. व्यावसायिक स्वच्छ वाहनासाठी ठेवलेली सवलत, जड वाहनामागे कमाल ४०,००० डॉलर, करमुक्त व शासकीय संस्थांना थेट रोख रकमेच्या रूपाने देण्याची तरतूद झाली. मात्र त्यासाठी त्यांनी आधी नोंदणी करून विवरणपत्र भरणे आवश्यक होते. ज्यांनी कधी आयकर विवरण भरले नव्हते अशा नगरपालिका आणि परिवहन जिल्हे या निमित्ताने ते भरू लागले. ८ लाखांच्या बसवर ही रक्कम पाच टक्के, म्हणजे राज्याच्या सवलतीपेक्षा थोडीशीच अधिक होते. जुलै २०२५ च्या संघीय कायद्याने ही सवलत ३० सप्टेंबर २०२५ नंतर घेतलेल्या वाहनांसाठी रद्द केली.

भारतीय निर्णय : खरेदी नव्हे, भाडे

वस्तू व सेवा कर परिषदेने २७ जुलै २०१९ रोजीच्या ३६ व्या बैठकीत विद्युत वाहनांवरील कर १२ वरून ५ टक्क्यांवर आणला आणि बारापेक्षा अधिक प्रवासी नेणाऱ्या विद्युत बसगाड्या स्थानिक प्राधिकरणांनी भाड्याने घेतल्यास त्या सेवेवरील कर माफ केला. दोन्ही निर्णय १ ऑगस्टपासून अमलात आले. राज्य परिवहन उपक्रमांना अशी भाडेसवलत २०१७ पासूनच होती, व ती डिझेल बसलाही लागू होती. २०१९ ची भर फक्त स्थानिक प्राधिकरणे आणि फक्त विद्युत बस यांच्यापुरती होती.

कॅलिफोर्नियात सवलत खरेदीवर, तर भारतात भर भाड्यावर, हा फरक अपघाती नाही. एप्रिल २०१९ मध्ये सुरू झालेल्या ‘फेम’ योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात ७,०९० बसगाड्यांना साह्य ठरले होते आणि ते संस्थेने बस विकत न घेता, खासगी चालकाकडून प्रतिकिलोमीटर दराने सेवा घ्यावी या पद्धतीला दिले जात होते. पुणे आणि मुंबई येथील विद्युत बसगाड्या प्रामुख्याने याच पद्धतीने रस्त्यावर आल्या. बस सार्वजनिक संस्थेच्या मालकीची नसल्याने खरेदीवरील सूट तिच्यापर्यंत थेट पोहोचतच नाही.

परंतु भाड्यावरील माफीलाही एक अदृश्य बाजू आहे. करमुक्त सेवा देणाऱ्या चालकाला त्याने बसखरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. ५ टक्के कर म्हणूनच नाहीसा होत नाही. तो प्रतिकिलोमीटर दरात मिसळून महापालिकेच्या देयकात परत येतो. आपल्याच बसवरील कराची परंपरा महाराष्ट्राला तशी अपरिचित नाही. १९५८ च्या कायद्यान्वये एस.टी. महामंडळाने प्रवाशांकडून मिळणाऱ्या भाड्यावर १७.५ टक्के प्रवासी कर राज्याकडे भरावा आणि राज्याने सवलतीच्या प्रवासापोटी महामंडळाला प्रतिपूर्ती द्यावी, अशी देवघेव दीर्घकाळ चालत आली. प्रवासी कर निदान तिकिटाच्या हिशेबात स्वतंत्रपणे दिसतो. विद्युत बसच्या किलोमीटर-दरात मुरलेला कर मात्र महापालिकेच्या अंदाजपत्रकात कोठेही वेगळा दाखवलेला नसतो, आणि एकदा करार झाला की त्याच्या संपूर्ण मुदतीत तो दरमहा चुकता केला जातो.